अति वजनदार रुग्ण आणि हॉस्पिटलमधली आग : बाहेर काढण्याचा आराखडा कसा करायचा

दोनशे किलोच्या रुग्णाला चादरीत घेऊन चौघांनी उचललं तर एकेकाच्या वाट्याला ५० किलो येतात. ओझं उचलण्याचं अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं जे सूत्र जगभर वापरतात, त्यात अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा एका माणसाला २३ किलोच धरले आहेत. त्या हिशेबाने नऊ माणसं लागतील. नऊ माणसं एका कॉटभोवती कशीबशी उभी राहतील, पण दारातून ती एकत्र बाहेर पडू शकत नाहीत आणि जिन्यात तर प्रश्नच नाही. त्यामुळे उचलण्याचा विचार सुरुवातीलाच सोडून द्या. रुग्ण सरकवायचा असतो. जमेल तिथवर चाकांवर, चाकं संपली की जमिनीवरून. पुढचं सगळं नियोजन हे सरकवणं कुठे अडेल ते आधी शोधण्यासाठी आहे.

२०१७ साली इजिप्तहून मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आलेल्या सुमारे ५०० किलोच्या रुग्णाला हॉस्पिटलमध्ये नेताना क्रेन लागली होती. असे रुग्ण विरळाच. आपल्या वॉर्डात येतात ते १४० ते २५० किलोचे, सेल्युलायटिसचे (त्वचेखालच्या जंतुसंसर्गाचे), हृदयाचे, श्वासाचे, गुडघ्याचे. त्यांच्यासाठी कुणी क्रेन आणत नाही. नेहमीच्या कॉटवर, जी रिकामी असेल त्या खोलीत त्यांना ठेवलं जातं, आणि बाहेर काढण्याची निम्मी अडचण तिथेच तयार होते.

‘अति वजनदार’ कोणाला म्हणायचं

बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्यावर, ठरवू नका. बुटक्या माणसाचा बीएमआय ५०च्या वर असूनही वजन १२० किलो असू शकतं, आणि त्याला नेहमीच्या ट्रॉलीवरून नेता येतं. मर्यादा ठरते तुमच्या सामानावरून. बायोमेडिकलच्या (वैद्यकीय यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाच्या) माणसाला बरोबर घेऊन वॉर्डातून एक फेरी मारा आणि कॉट, ट्रॉली, व्हीलचेअर, इव्हॅक्युएशन चेअर, लिफ्ट या प्रत्येकावरची ‘सेफ वर्किंग लोड’ची (किती भार सुरक्षितपणे पेलेल याची) पाटी वाचून वहीत उतरवा. पाटी पुसली असेल तर कंपनीकडून आकडा लेखी मागवा. ‘दोनशे तरी घेईल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. त्या आकड्यात बहुधा गादी, सिलिंडर, पंप हे सगळं धरलेलं असतं. कॉटवर २०० लिहिलं असेल, गादी १५ किलोची आणि वर ठेवलेला सिलिंडर १५ किलोचा असेल, तर रुग्णासाठी उरले १७०. सुटकेच्या वाटेवरच्या सगळ्या साधनांत जो आकडा सर्वांत लहान निघेल, ती त्या वॉर्डाची मर्यादा. तिच्या वरचा प्रत्येक रुग्ण या आराखड्यात यायला हवा.

अशा रुग्णाच्या तीन गोष्टी अ‍ॅडमिशनच्या दिवशीच मोजायच्या.

वजन काट्यावरच करा. नातेवाईक सांगतात ते वजन बहुतेक वेळा जुनं असतं, आणि जुनं म्हणजे कमी. सूज किंवा सलाइनमुळे आठवड्यात १० किलोंचा फरक पडू शकतो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा करा.

रुंदी मोजताना रुग्णाला उताणं झोपवून, हात अंगालगत ठेवून, कोपरापासून कोपरापर्यंत किंवा जिथे सर्वांत रुंद असेल तिथे टेप लावा. हे मोजायचं कुणालाच सुचत नाही. वजन सारखं असलेल्या दोन रुग्णांच्या रुंदीत २० सेंटिमीटरचा फरक असू शकतो, आणि दारात अडते ती रुंदीच.

तिसरी गोष्ट म्हणजे रुग्ण स्वतः काय करू शकतो. आधाराने उभा राहतो का? वॉकरने दहा पावलं जातो का? कुशीवर वळतो का? फिजिओथेरपिस्टकडून हे लिहून घ्या. १८० किलोचा पण दहा पावलं चालणारा रुग्ण शेजारच्या विभागात स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो. मागून रुंद व्हीलचेअर तेवढी हवी. त्याउलट १५० किलोचा, अजिबात न हलणारा रुग्ण जास्त माणसं मागतो.

मोजमाप का चाललं आहे ते रुग्णाला नीट समजावून सांगा, आणि वजनाचा आकडा वॉर्डभर ऐकू जाईल असा पुकारू नका. ज्याला सगळं सांगितलेलं असतं, तो आणीबाणीत हात छातीवर घेऊन स्थिर राहतो. ज्याला अचानक चादरीत गुंडाळलं जातं, तो घाबरून दाराची चौकट पकडतो.

खोली कुठली द्यायची

तळमजला मिळाला तर बाकीचे बरेच प्रश्न उरतच नाहीत. तो न मिळाल्यास त्याच मजल्यावर, फायर डोअरच्या (आग आणि धूर अडवणाऱ्या दाराच्या) सर्वांत जवळची खोली द्या. कॉरिडॉरच्या बंद टोकाची ‘शांत’ खोली देऊ नका. डीलक्स खोल्या बहुधा त्याच टोकाला असतात, त्यामुळे यावर वाद होतो, तो घालावा.

आगीत हॉस्पिटल पहिल्या फटक्यात जिन्याने रिकामं करत नाहीत. आधी आडवं हलवायचं असतं. आग लागलेल्या विभागातून फायर डोअरच्या पलीकडच्या, त्याच मजल्यावरच्या विभागात. दार मागे बंद झालं की धूर अडतो आणि वेळ हातात येतो. वजनदार रुग्णासाठी ही पायरी सोन्यासारखी, कारण इथे रुग्ण कॉटसकट चाकांवर जातो. अट एकच, फायर डोअर बंद झालं पाहिजे. सिलिंडर टेकवून किंवा खाली लाकडी पाचर मारून ते कायमचं उघडं ठेवलं असेल, तर पलीकडचा विभाग सुरक्षित राहत नाही.

दाराची मापं चौकटीवरून घेऊ नका. पल्ला उघडल्यावर पल्ल्याची जाडी आणि हँडल सोडून जी मोकळी जागा उरते, ती मोजा. १२० सेंटिमीटरच्या चौकटीत ती ११०च्या आसपास निघते. बॅरिअ‍ॅट्रिक कॉट (अति वजनदार रुग्णांसाठीची) रुंद करून ठेवली तर तीच १२० सेंटिमीटरची असते, म्हणजे बाजू आत ढकलल्याशिवाय बाहेर येणार नाही. ती कशी आत जाते हे प्रत्येक पाळीतल्या निदान दोघांना हाताने करता आलं पाहिजे. दीड पल्ल्याचं दार असेल तर अर्ध्या पल्ल्याची वरची कडी ओढून पाहा. रंगकाम झाल्यापासून ती कधी हललेलीच नसते. रंगाने घट्ट बसलेली असते, आणि स्टुलाशिवाय हातही पोचत नाही.

आता कॉरिडॉर. २.३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद कॉटचा कर्ण होतो २.६ मीटर. २.४ मीटरच्या कॉरिडॉरमध्ये ती जागच्या जागी फिरणार नाही. दारातून बाहेर पडतानाच ती फायर डोअरच्या दिशेला वळली पाहिजे, आणि त्यासाठी खोलीत कॉट कुठल्या तोंडाने लावायची ते आधी ठरवावं लागतं. कागदावर हिशेब करण्यापेक्षा रिकामी कॉट खरोखर खोलीपासून फायर डोअरच्या पलीकडे नेऊन पाहा. एक्स्पान्शन जॉइंटची (इमारतीच्या दोन भागांमधल्या फटीवरची) वर आलेली पट्टी, उंबरा, भिंतीलगतच्या खुर्च्या, नातेवाईकांची अंथरुणं, चार्जिंगला लावलेलं एक्स-रे मशीन, सगळं त्या एका फेरीत सापडतं. रिकामी कॉट जॉइंटवरून सहज उडी मारते. २०० किलो वर असताना लहान चाक तिथेच रुततं. जॉइंट तिरपा ओलांडला तर एका वेळी एकच चाक अडतं, आणि तेवढं ढकलता येतं.

लिफ्ट, रॅम्प, जिना

साधी लिफ्ट आगीत वापरायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फायर लिफ्ट अग्निशमन दल स्वतःच्या ताब्यात घेऊन वापरू शकतं, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नका. अशा लिफ्टची किमान क्षमता आठ माणसांची, म्हणजे ५४४ किलो धरलेली असते. २१० किलोचा रुग्ण, २५० किलोची कॉट आणि दोन माणसं झाली की भार संपला, आणि तेवढ्या लिफ्टच्या दारातून कॉट आत जात नाही ते वेगळंच. बेड-लिफ्टच फायर लिफ्ट म्हणून बसवली असेल तर तिचं दार, आतली लांबी आणि भार मोजून आराखड्यात लिहा.

जुन्या सरकारी हॉस्पिटलांना रॅम्प असतात, आणि या कामात ते नव्या टॉवरपेक्षा बरे. पण रॅम्पवर वजन अंगावर येतं. कॉटसह ४५० किलो धरले तर १:१२ उतारावर सुमारे ३७ किलोची ओढ खाली असते, १:८ उतारावर ५६ किलोची. रुग्णाचे पाय खालच्या बाजूला, डोकं वर ठेवा. सगळी माणसं वरच्या बाजूला किंवा कडेला, पट्ट्यांनी धरून. कॉटच्या खालच्या बाजूला, उताराच्या रेषेत, कुणीही उभं राहायचं नाही. सुटलेली कॉट हाताने थांबत नाही.

जिन्यासाठी लागते इव्हॅक्युएशन शीट किंवा स्लेज, म्हणजे गादीखाली आधीच अंथरून ठेवायची, पट्टे आणि हँडल असलेली गुळगुळीत बुडाची शीट. रुग्णाच्या वजनाला आणि रुंदीला मान्य असलेलीच घ्या. नेहमीच्या शीटचे पट्टे रुंद रुग्णावरून बकलपर्यंत पोचतच नाहीत, आणि हे कळतं ते नेमकं आग लागल्यावर. खाली हवेची गादी असेल तर हवा निघाल्यावर पायऱ्या थेट पाठीला लागतात. शक्य तिथे फोमची गादी ठेवा, नाही तर फोमचा एक थर जास्तीचा टाका.

राष्ट्रीय इमारत संहितेत हॉस्पिटलच्या जिन्याची किमान रुंदी २ मीटर आहे; पायरीची उंची जास्तीत जास्त १५ आणि रुंदी कमीत कमी ३० सेंटिमीटर. या मापाने जिन्याचा कोन सुमारे २६.५ अंश येतो, आणि २२० किलोच्या रुग्णाची उताराच्या दिशेने ओढ सुमारे ९८ किलो होते. शीटच्या घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर त्यातले ५९ किलो घर्षणातच जातात, धरून ठेवायला उरतात ३९. चार माणसांना हे जमतं. आता स्प्रिंकलर किंवा होज रीलचं पाणी जिन्यावर आलं असं समजा. घर्षण जवळपास नाहीसं होतं आणि तीच चार माणसं ९८ किलो थोपवायला बघतात. म्हणून ओल्या जिन्यासाठी वर धरणारी माणसं दुप्पट ठेवा. पट्टा कठड्याला गुंडाळून धरायचा मोह होतो. कठड्याचे बोल्ट अशा झटक्यासाठी बसवलेले नसतात.

जुन्या इमारतीत जिना १.२ किंवा १.५ मीटरचाच असतो. तिथे दोन मीटरची शीट लँडिंगवर आडवी करून फिरवता येत नाही. पाय भिंतीला टेकले की डोक्याकडचा भाग आधी वळवावा लागतो, थोडं मागे, थोडं पुढे, अरुंद बोळात मोटार वळवतात तसं. हे कोरड्या जिन्यावर, दिवसाउजेडी एकदा करून पाहिलं नसेल तर अंधारात जमणार नाही. शिवाय पायऱ्यांच्या कडेला बसवलेल्या पितळी पट्ट्या हाताने चाचपा. एखादी वर आलेली असेल तर ती शीट फाडते.

आणि चॅनेल गेट. भेटीची वेळ संपली की सिक्युरिटी जिन्याचं चॅनेल गेट ओढून कुलूप लावते, किल्ली केबिनमध्ये, केबिन तळमजल्यावर. सुटकेच्या वाटेवर कुलूप नकोच. गेट पूर्ण उघडलं तरी दुमडलेल्या पट्ट्या वीसेक सेंटिमीटर जागा खातात, तीही मापातून वजा करा.

कॉटवरून जमिनीवर

सर्वांत जास्त इजा इथे होते, रुग्णालाही आणि सिस्टरच्या पाठीलाही. क्रम असा ठेवा.

१. कॉट अगदी खाली घ्या. इलेक्ट्रिक कॉटची बॅटरी मेलेली असेल आणि वीज गेली असेल, तर कॉट वरच राहते. म्हणून असा रुग्ण असलेली कॉट रात्री नेहमी खालच्या उंचीवरच ठेवायची सवय लावा.

२. चाकांचे ब्रेक लावा. ज्या बाजूने उतरवायचं त्या बाजूचं रेलिंग खाली करा आणि जमिनीवर शेजारच्या कॉटची गादी टाका.

३. कॅथेटरची पिशवी, ड्रेन, सलाइन रुग्णाच्या पोटावर घ्या. मूत्रपिशवी कॉटलाच अडकून राहणं ही नेहमीची चूक.

४. शीटचे पट्टे छाती, कंबर आणि मांड्यांवर बांधा. छातीचा पट्टा श्वास अडेल इतका आवळू नका. तळहात आत गेला पाहिजे.

५. आधी पाय आणि कंबर कडेला सरकवा, मग गादीसकट खाली घसरवा. डोक्याकडे दोघं, त्यातला एक फक्त मान सांभाळायला. दंडाला किंवा काखेत धरून ओढायचं नाही.

६. आकडे एकाच आवाजात, एकाच माणसाने मोजायचे.

सपाट फरशीवर २२० किलोची शीट ओढायला सुमारे ६६ किलोचा जोर लागतो, म्हणजे निदान चार माणसं. जिन्यासाठी वर चार, पायांकडे कडेने चालणारे दोन, पुढे वाट मोकळी करणारा एक आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणारी सिस्टर एक, अशी आठ धरा. दर मजल्याला माणसं बदलावीत, म्हणून दुसरी आठ जणांची तुकडी हवी. कागदावर सोळा नावं सहज लिहिता येतात. रात्री दोन वाजता ती इमारतीत असतात का ते पाहा.

हा रात्रीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. कोलकात्याचं एएमआरआय, ९ डिसेंबर २०११; भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, ९ जानेवारी २०२१; विरारचा अतिदक्षता विभाग, २३ एप्रिल २०२१. या तिन्ही आगी मध्यरात्र ते पहाट या वेळेतल्या. म्हणून रात्रपाळीच्या हजेरीपटावरूनच माणसं मोजा. वॉर्डात दोन सिस्टर, एक मावशी, एक मामा असतील तर उरलेले कुठून येणार? सिक्युरिटी, लिनन, किचन, लॅब यांची नावं पाळीप्रमाणे नेमून द्या, आणि ‘कोड रेड’ (आगीचा इशारा) पुकारताना मजल्याबरोबर ‘जास्त माणसं हवीत’ हेही पुकारायचं ठरवा.

ऑक्सिजन आणि श्वास

वजनदार रुग्णाला सपाट झोपवलं की पोट छातीवर दाबतं, श्वास घटतो. शीटवर बांधताना डोकं-खांदे उशा किंवा गुंडाळलेली चादर देऊन इतके वर घ्या, की कानाची पातळी छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाला यावी. वॉर्डातल्या बऱ्याच बायपॅपना (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रांना) बॅटरी नसते. वीज गेली की मास्क हा नुसता चेहऱ्यावरचा अडथळा होतो, तो ताबडतोब काढून ऑक्सिजन मास्क लावा.

बी टाइप सिलिंडरमध्ये १० लिटर पाण्याइतकी जागा असते. १५० बारला भरलेला असेल तर १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटरने अडीच तास, १५ लिटरने शंभर मिनिटं. काटा ७५ वर असेल तर यातलं निम्मं. जिन्यात सिलिंडर रुग्णाच्या अंगावर ठेवू नका. पायांमध्ये पट्ट्याने बांधा किंवा एका माणसाकडे द्या. आगीच्या विभागाचा ऑक्सिजनचा झोनल व्हॉल्व्ह कोण बंद करणार, ते नावानिशी ठरलेलं असावं, आणि सगळे रुग्ण सिलिंडरवर गेल्याची खात्री इन्चार्ज सिस्टरने दिल्यावरच तो बंद व्हावा.

कुणाआधी कोण

आग ज्या खोलीत आहे तिथला रुग्ण सर्वांत आधी, वजन कितीही असो. आडवं हलवताना कॉट चाकांवर जात असेल तर वजनदार रुग्णाला मागे ठेवायचं कारण नाही. जिन्याचं गणित वेगळं. एक शीट जिन्यात शिरली की वाट पंधरा-वीस मिनिटं अडू शकते, म्हणून चालणारे आणि हलके रुग्ण आधी उतरवतात. हे कठोर वाटतं. पण मग थांबणाऱ्या रुग्णासाठी थांबण्याची जागाही आराखड्यात हवी. आगीपासून दूर, बंद दारांमागची, बाहेर उघडणारी खिडकी असलेली खोली, दाराच्या फटीत ओले टॉवेल, सिलिंडर, आणि रुग्णाजवळ एक माणूस. रुग्णाला एकटं सोडायचं नाही. १०१ ला पहिलाच फोन करताना सांगा: ‘तिसरा मजला, पूर्वेकडचा जिना, २१० किलोचा रुग्ण, चालू शकत नाही, ऑक्सिजनवर.’ दलाची माणसं मग त्या हिशेबाने येतात.

कागद आणि सराव

प्रत्येक अशा रुग्णासाठी एकच पान पुरे. वजन आणि तारीख, रुंदी, स्वतः काय करतो, कॉटचा प्रकार आणि ती अरुंद कशी करायची, पहिली जागा आणि दुसरी जागा, वाट, माणसं किती, ऑक्सिजन किती लिटर. एक प्रत फाइलमध्ये, एक नर्सिंग स्टेशनच्या लाल फोल्डरमध्ये, एक सिक्युरिटी केबिनमध्ये. रुग्णाची खोली बदलली की पान त्याच पाळीत बदला. जुन्या खोलीचा नंबर असलेलं पान नसलेलंच बरं. महाराष्ट्रात २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैला ‘फॉर्म बी’ जातो. तो यंत्रणा चालू असल्याचा दाखला आहे. खोली नंबर ३१२ मधला रुग्ण बाहेर कसा येणार, याबद्दल त्यात काही नसतं.

मॉक ड्रिलमध्ये खऱ्या रुग्णाला किंवा सहकाऱ्याला शीटवर घालून जिन्यात नेऊ नका. किचनमधून २५ किलोची तांदळाची आठ पोती आणा. पाच धड आणि कमरेच्या जागी, दोन मांड्यांच्या, एक पायांच्या. बाजूंना उशा लावून मोजलेल्या रुंदीइतकं फुगवा, वर चादर बांधा. सिमेंटची पोती नकोत, फाटली की जिनाभर धूळ होते आणि अंगासारखी पसरतही नाहीत. घड्याळ लावून तीन टप्प्यांचा वेळ वेगवेगळा नोंदवा: कॉटवरून जमिनीवर, फायर डोअरपर्यंत, एक मजला खाली. एक ड्रिल रात्रपाळीत, तेवढ्याच माणसांनिशी करा. पहिल्या वेळी बहुतेक ठिकाणी शीट गादीखाली नसतेच. कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे.